फ्रेंच क्रांतीच्या पुस्तिकांचे डिजिटायझेशन आणि त्यामागचे ग्रंथालयीन कर्मचारी व विद्यार्थी

रुमालवाचक (धागाकर्ते)

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क येथील ग्रंथालयात फ्रेंच पुस्तिकांचा सुमारे १२,००० नगांचा संग्रह आहे. त्यातली सर्वांत जुनी पुस्तिका १६२० सालची आणि सर्वांत अलीकडची १९६६ सालची असली, तरी संग्रहाचा फार मोठा भाग १७८८ ते १८०४ या वर्षांतला, म्हणजे राज्यक्रांतीच्या उंबरठ्यापासून नेपोलियनच्या राज्याभिषेकापर्यंतचा आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी या पुस्तिकांच्या तालिका तयार केल्या, त्या छायांकनासाठी सिद्ध केल्या आणि इंटरनेट अर्काइव्ह या मुक्त डिजिटल ग्रंथालयाच्या माध्यमातून वाचकांना खुल्या करून दिल्या. वसाहतींच्या व्यापाराविषयी वाचन करताना मी या संग्रहापर्यंत पोहोचलो आणि तेव्हापासून त्यातील मजकुराइतकेच, हा मजकूर माझ्यापर्यंत आणणाऱ्या लोकांच्या कामाबद्दलही मला कुतूहल वाटू लागले. त्या कामाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा धागा.

डिजिटायझेशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्कॅनर येतो. प्रत्यक्षात छायांकन हा या कामातला सर्वांत थोड्या वेळात उरकणारा भाग आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या यंत्रात व्ही आकाराच्या पाळण्यात पुस्तक ठेवतात, वरून काच पानांवर टेकवतात आणि दोन कॅमेरे समोरासमोरची दोन पाने टिपतात. पायाने दाबायच्या पट्टीने काच वर उचलली जाते आणि पान माणूसच हाताने उलटतो. आठ किंवा सोळा पानांची पुस्तिका अशा यंत्रावर काही मिनिटांत होते. मात्र त्या पुस्तिकेला नाव, लेखक, साल, छापखाना आणि विषय चिकटवून ती शोधता येण्याजोगी करायला पुष्कळदा तासन्‌तास लागतात, आणि हे तास तालिकाकारांचे आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे असतात.

तास का लागतात ते या पुस्तिकांचा जन्म कसा झाला हे पाहिले की कळते. जुलै १७८८ मध्ये सोळाव्या लुईच्या सरकारने एस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा) कशी भरवावी याविषयी मते मागवली आणि जुन्या सेन्सॉर व्यवस्थेची पकड सैल पडली. त्यानंतर छापखान्यांतून जे बाहेर पडले त्यात प्रतिष्ठित विद्वानांचे निबंध होते, तशीच शिवीगाळ, अफवा, गाणी, खोटी मृत्युपत्रे आणि काल्पनिक संवादही होते. बहुतेकांवर लेखकाचे नाव नसे. सियेस या धर्मगुरूची तिसऱ्या इस्टेटीवरची, म्हणजे सामान्य जनांच्या वर्गावरची, सुप्रसिद्ध पुस्तिकासुद्धा जानेवारी १७८९ मध्ये प्रथम निनावीच निघाली. मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून लंडन छापलेले असे आणि पुस्तिका प्रत्यक्षात पॅरिसच्या एखाद्या गल्लीत तयार झालेली असे. ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ११व्या कलमाने मुद्रणस्वातंत्र्य मान्य केल्यानंतरही निनावी छापण्याची सवय गेली नाही, कारण सत्ता पालटली की कालचे मत आज प्राणावर बेतत असे.

अशी पुस्तिका हातात घेणाऱ्या तालिकाकाराला कागदावर छापलेल्या माहितीवर विसंबता येत नाही. निनावी लेखक ओळखण्यासाठी बार्बिए याने एकोणिसाव्या शतकात तयार केलेला निनावी ग्रंथांचा कोश उघडावा लागतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील क्रांतिविषयक मुद्रितांची मार्तें आणि वाल्तेर यांनी केलेली बहुखंडी सूची ताडून पाहावी लागते. पानांची संख्या, फर्म्याची खूण (घडीच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी क्रमासाठी छापलेले अक्षर), आकार आणि अलंकरणाचे ठसे जुळतात का, हे तपासावे लागते, कारण एकाच मजकुराच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या शहरांत चोरून छापलेल्या असू शकतात. हा सारा निर्णय शेवटी नोंदीत एका ओळीत मावतो आणि वाचकाला ती ओळ आपोआप तिथे उगवल्यासारखी वाटते.

कालगणनेचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. ऑक्टोबर १७९३ मध्ये कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या निवडून आलेल्या राष्ट्रीय सभागृहाने, प्रजासत्ताक दिनदर्शिका स्वीकारली आणि तिचा आरंभ मागे नेऊन २२ सप्टेंबर १७९२ पासून धरला. त्यानंतर १ जानेवारी १८०६ रोजी जुनी दिनदर्शिका परत येईपर्यंत सरकारी कागदांवर तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाअखेरचे पाच किंवा सहा पूरक दिवस चालत राहिले. पुस्तिकेवर केवळ ‘वर्ष दुसरे’ एवढेच असेल, तर ती १७९३ ची असू शकते किंवा १७९४ ची, कारण ते वर्ष सप्टेंबर ते सप्टेंबर असे दोन इसवी सनांत विभागलेले आहे. तिसऱ्या वर्षी सहा पूरक दिवस आल्यामुळे चौथे वर्ष २२ ऐवजी २३ सप्टेंबरला, १७९५ साली सुरू झाले आणि पुढच्या काही महिन्यांची रूपांतरे एका दिवसाने सरकली. त्याहून मोठी अडचण अशी की १७८९ पासून मोजलेली ‘स्वातंत्र्याची वर्षे’ त्याआधीच प्रचारात होती. त्यामुळे ‘स्वातंत्र्याचे चौथे वर्ष’ म्हणजे १७९२ आणि ‘प्रजासत्ताकाचे चौथे वर्ष’ म्हणजे १७९५-९६. जो विद्यार्थी मुखपृष्ठावरचा ‘चौथे वर्ष’ हा आकडाच तेवढा टिपून पुढे जाईल, तो राजाची सत्ता अजून टिकून असतानाची पुस्तिका दिरेक्तवार (पाच संचालकांच्या) राजवटीत नेऊन ठेवील, आणि तिच्यावर आधारलेला प्रत्येक आलेख, प्रत्येक प्रबंध त्या ठिकाणी चुकेल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की या संग्रहाचे खरे मूल्य नोंदींत आहे, नोंदींमागे विशिष्ट माणसांचे निर्णय आहेत, आणि ते निर्णय कोणी घेतले हे संग्रहासोबतच नोंदवले गेले पाहिजे. ग्रंथालयाचे, अनुदान देणाऱ्या संस्थेचे आणि संग्राहकाचे नाव आपण आदराने घेतो. ज्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने संदर्भसाधने चाळून एका निनावी पुस्तिकेचा लेखक निश्चित केला, तिचे नावही तितक्याच आदराने घेतले जावे असे मला मनापासून वाटते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

ग्रंथपालिका

धाग्याबद्दल आभार. मी तालिकीकरण विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालते.

रुमालवाचक यांनी स्वतंत्र पुस्तिकांबद्दल लिहिले आहे, परंतु क्रांतिकाळातील पुस्तिका पुष्कळदा एकेकट्या येत नाहीत. जुन्या मालकांनी वीस-तीस पुस्तिका एकत्र शिवून त्यांचा एक खंड केलेला असतो. अशा खंडाची ग्रंथालयाने पूर्वी एकच नोंद केलेली असली, तर त्यातल्या उरलेल्या सगळ्या पुस्तिका वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. डिजिटायझेशनच्या आधीची पायरी म्हणजे असा खंड उघडून आतल्या प्रत्येक पुस्तिकेला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंद देणे. बांधणी न उसवता हे करायचे असते, कारण कोणत्या पुस्तिका एकत्र बांधल्या गेल्या यावरून त्या मालकाची आवड, त्याचा पक्ष आणि त्याने त्या कोणत्या वर्षी जमवल्या याचा अंदाज येतो. तो क्रम मोडला की हा पुरावा कायमचा जातो.

या कामात विद्यार्थ्यांवर सोपवलेला भाग कोणता, हे प्रकल्पागणिक बदलते. बहुतेक ठिकाणी फ्रेंच वाचू शकणारे विद्यार्थी प्राथमिक नोंद करतात आणि अनुभवी तालिकाकार ती तपासतो. लेखकाचे अधिकृत नाम ठरवणे आणि विषयशीर्षके देणे ही कामे शक्यतो अनुभवी माणसाकडे राहतात. मात्र दोन-तीन महिने रोज याच पुस्तिका हाताळल्यानंतर विद्यार्थ्याची नजर इतकी तयार होते की एखादा छापखाना तो अलंकरणाच्या ठशावरून ओळखू लागतो आणि तपासणाऱ्यालाच नवी माहिती देतो. हे मी स्वतः पाहिले आहे आणि मला त्याचा फार आनंद वाटत आला आहे.

आणखी एक. सोळाव्या लुईच्या खटल्याच्या वेळी, म्हणजे १७९२ च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, कन्व्हेन्शनच्या कितीतरी सदस्यांनी आपापली मते छापून घेतली आणि त्यांपैकी असंख्य पुस्तिकांची शीर्षके जवळजवळ सारखी आहेत. मुखपृष्ठावर सदस्याचे फक्त आडनाव आणि त्याचा प्रांत असतो. ७४९ सदस्यांच्या सभागृहात एकाच आडनावाचे दोघे निघाले की प्रांतावरून माणूस ओळखावा लागतो. हे काम कंटाळवाणे दिसते. पण राजाला मृत्युदंड द्यावा असे कोणी म्हटले आणि कोणी नाही, याची नोंद त्यातून घडते, त्यामुळे येथे हलगर्जी करणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी मत घालणे होय.

---

शंकेखोर

विषय महत्त्वाचा आहे, परंतु मला धाग्यातील मुख्य आग्रह पूर्णपणे पटलेला नाही. दहा-बारा हजार पुस्तिकांच्या संग्रहावर काही वर्षांच्या काळात बरेच विद्यार्थी काम करून जातात. कोणी एका सत्रापुरते असते, कोणी दोन वर्षे राहते. प्रत्येक नोंदीवर प्रत्येकाचे नाव घालायचे ठरवले, तर नोंदींपेक्षा नावांची यादी मोठी होईल. इमारत पाहताना आपण वास्तुविशारदाचे नाव विचारतो, प्रत्येक गवंड्याचे विचारत नाही.

दुसरी शंका अशी की अक्षरओळख आणि भाषाप्रक्रिया करणारी संगणकीय साधने आता पुष्कळ सुधारली आहेत. मुखपृष्ठाचे छायाचित्र दिले की शीर्षक, स्थळ आणि साल वाचून देणे त्यांना अवघड नाही. मग विद्यार्थ्यांकरवी करून घ्यायचे हे काम पुढील काळात उरणार आहे का?

---

सातासमुद्रापार

शंकेखोर यांच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण अमेरिकेत शिकत असताना मी एका विद्यापीठीय ग्रंथालयात अशाच स्वरूपाच्या प्रकल्पावर अर्धवेळ काम केले आहे. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही.

अठराव्या शतकातील फ्रेंच छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब ‘स’ वापरला जाई. तो ‘फ’च्या अक्षरासारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ अर्धवट असते. यंत्र तो ‘फ’ म्हणूनच वाचते. परिणामी राष्ट्रसभेचे नाव शोधायला गेलात तर संग्रहातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या शब्दांपैकी एक असूनही तो कित्येक पुस्तिकांत सापडतच नाही, कारण यंत्राच्या दप्तरी त्या शब्दाच्या पोटात दोन ‘फ’ बसलेले असतात. शतकाच्या अखेरीस दिदो या मुद्रक घराण्याच्या नव्या वळणाच्या टंकांबरोबर लांब ‘स’ मागे पडत गेला, त्यामुळे १७८९ च्या पुस्तिकांपेक्षा १८०० च्या पुस्तिकांचे यांत्रिक वाचन चांगले येते. म्हणजे शोधयंत्राला एखादा शब्द क्रांतीच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त दिसला, तर तो इतिहासातला बदल आहे की टंकातला, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. या काळासाठी खास शिकवलेली साधने ही अडचण बरीच कमी करतात, हे मान्य आहे. परंतु त्यांना शिकवण्यासाठी आधी कोणीतरी शेकडो पाने हाताने अचूक उतरवून द्यावी लागतात, आणि ती उतरवणारे पुन्हा विद्यार्थीच असतात.

कालगणनेचे उदाहरण रुमालवाचक यांनी दिलेच आहे. यंत्र ‘चौथे वर्ष’ बिनचूक वाचील. ते स्वातंत्र्याचे की प्रजासत्ताकाचे, हे मजकुरात राजाचा उल्लेख कसा येतो, छापखान्याचा पत्ता कोणत्या रस्त्यावरचा आहे आणि त्या रस्त्याचे नाव केव्हा बदलले यावरून ठरवावे लागते. यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण त्याने सुचवलेले साल स्वीकारणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. ग्रंथालयातली जागा मिळाली की आपल्याकडची मुले आनंदून जातात, कारण उपाहारगृहातील कामापेक्षा ती शांत असते. पुणे-मुंबईत फ्रेंचच्या परीक्षा दिलेली काही मराठी मुले मी अशा कामावर पाहिली आहेत. आमच्या टेबलावर पुस्तिका यायची तेव्हा पहिले काम म्हणजे तिची प्रकृती तपासणे. मुडपलेले कोपरे हाडाच्या बोथट पट्टीने सरळ करायचे, न कापलेली पाने आढळली तर स्वतः कापायची नाहीत आणि जतन विभागाकडे पाठवायची, धागा सुटला असेल तर चिठ्ठी ठेवायची. मग पाने मोजायची. मोजणी आणि छापील पृष्ठांक जुळले नाहीत, तर छापखान्यात चूक झाली आहे की पान हरवले आहे, हे फर्म्याच्या खुणांवरून ठरवायचे. त्यानंतर नोंद आणि अगदी शेवटी छायांकन. छायांकन झाल्यावर प्रत्येक प्रतिमा पडद्यावर पाहून पान सुटले नाही ना, अक्षरे शिवणीत गेली नाहीत ना, याची खात्री करणारी वेगळी व्यक्ती असे.

या कामाने मला जे शिकवले ते वर्गात शिकायला मिळाले नसते. क्रांतीचा इतिहास मी पुस्तकांतून वाचला होता. एकाच आठवड्यात धान्याच्या भावावरची तक्रार, धर्मगुरूंच्या शपथेवरचा वाद आणि एका खेड्याने राष्ट्रसभेला पाठवलेले अभिनंदनपत्र पाठोपाठ हातातून गेल्यावर, ती माणसे कशाकशाने अस्वस्थ होती हे समजू लागले.

---

मोडीप्रेमी

कालगणनेविषयीचे वाचून मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचे वाटेल. पेशवेकालीन पत्रात सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, तारखेला मुसलमानी चंद्र दिलेला असतो, कुठे शालिवाहन शक असतो, कुठे फसली, तर कुठे राज्याभिषेक शक. जंत्री हाताशी असल्याशिवाय पत्र लावता येत नाही. मोडकांची जंत्री आणि खरे जंत्री ही साधने आपल्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, तीच जागा फ्रेंच क्रांतीच्या तालिकाकाराकडे रूपांतर-कोष्टकाची आहे.

श्रेयाचा मुद्दाही आपल्याकडे अगदी जवळचा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांतून (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून) निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. ते रुमाल सोडून, मोडी वाचून, नकला करून, तारखा लावणारी सहाय्यकांची एक तुकडी होती. आपण आज संदर्भ देताना ‘सरदेसाई’ किंवा ‘पेशवे दफ्तर’ एवढेच म्हणतो. सरदेसाईंची योग्यता वादातीत आहे आणि त्यांच्या नजरेशिवाय ती निवड झालीच नसती. तरीही एखाद्या पत्राची तारीख संशयास्पद वाटते, तेव्हा ती कोणी आणि कशाच्या आधारे लावली हे कळते तर किती बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते. शंकेखोर यांना मी एवढेच म्हणेन की नोंद करणाऱ्याचे नाव ठेवण्याचा हा एक अगदी व्यावहारिक उपयोग आहे. मानापमानाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो उरतोच.

---

रुमालवाचक

मोडीप्रेमी यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला आहे. नाव हवे ते निर्णयाचा माग काढता यावा म्हणूनही.

शंकेखोर, प्रत्येक नोंदीवर ठळक अक्षरांत नावे छापावीत असे माझे म्हणणे नाही. नोंदीच्या तांत्रिक भागात कोणी केली, कोणी तपासली आणि केव्हा बदलली, एवढे ठेवायला जागा लागत नाही. तालिकाप्रणाल्यांत नोंद करणाऱ्या ग्रंथालयाचे संकेतचिन्ह आजही ठेवले जातेच. त्यापुढे एक पाऊल टाकून प्रकल्पाच्या पानावर सहभागींची नावे आणि कामाचा कालावधी द्यावा. कोणाला आपले नाव जाहीर व्हायला नको असेल तर ते वगळण्याची मुभाही असावी.

याविषयी अमेरिकेत विचार झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील डिजिटल मानव्यविद्येच्या मंडळींनी २०१५ साली विद्यार्थी-सहकाऱ्यांच्या हक्कांची एक सनद तयार केली. तिचा गाभा असा की विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या बौद्धिक रचनेत निर्णय घेण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या वेळेचा मोबदला दिलाच पाहिजे, आणि त्याने भरीव काम केले असेल, तर त्याला सहकारी म्हणून श्रेय मिळाले पाहिजे. केवळ ‘अनुभव मिळेल’ या आश्वासनावर महिनोन्‌महिने छायांकन आणि माहिती भरण्याचे काम करवून घेणे योग्य नाही, हे तिच्यातून स्पष्ट होते. आपल्याकडील विद्यापीठे आणि संशोधन मंडळे हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनसाठी विद्यार्थ्यांना बोलावतात, तेव्हा त्यांनीही ही सनद अवश्य वाचावी.

---

पानफुटी

एक पूरक माहिती. गूगलने विद्यापीठीय ग्रंथालयांतील पुस्तके छायांकित केली, त्यात कुठे कुठे पान उलटणाऱ्या व्यक्तीची बोटे टिपली गेली आहेत. बोटांवर रबरी टोपणे घातलेली दिसतात. त्या प्रतिमा सदोष म्हणून बदलल्या जातात आणि ते वाचकाच्या दृष्टीने बरोबरही आहे, पण सबंध प्रकल्पात त्या कामगाराची दिसणारी खूण तेवढीच असते.

कागदाविषयीही सांगावेसे वाटते. या पुस्तिकांचा कागद लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या) जुन्या चिंध्यांपासून केलेला असल्यामुळे दोनशे तीस वर्षांनंतरही पुष्कळदा पांढरा आणि लवचीक राहिलेला आहे. त्यामानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडाच्या लगद्याचा कागद हात लावताच तुटतो. आपल्याकडच्या १८८०-९०च्या दशकांतील मराठी नियतकालिकांचे डिजिटायझेशन फ्रेंच क्रांतीच्या पुस्तिकांपेक्षा अधिक निकडीचे आहे ते याच कारणाने. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपला जुना संग्रह जालावर आणला, त्याचे महत्त्व त्या दृष्टीने फार मोठे आहे.

---

दक्षिणवाट

हे संग्रह फ्रान्सबाहेर एवढ्या प्रमाणात कसे गेले, हेही कोणी सांगावे. तसेच मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत काही सापडेल का?

---

रुमालवाचक

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये या पुस्तिका स्वस्तात मिळत होत्या आणि परदेशी संग्राहकांनी त्या गठ्ठ्यांनी विकत घेतल्या. विल्यम मक्लूर या भूशास्त्रज्ञाने जमवलेला सुमारे २५,००० नगांचा संग्रह आज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आहे. जॉन विल्सन क्रोकर याचे संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातही फार मोठा साठा आहे. विसाव्या शतकात मिशेल बर्नस्टीन या पुस्तकविक्रेत्याने जमवलेल्या पुस्तिका शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाकडे आणि तोक्योच्या सेन्शू विद्यापीठाकडे गेल्या. न्यूबेरी हे विद्यापीठाचे ग्रंथालय नव्हे, पण तेथील ३०,००० हून अधिक पुस्तिकाही आता इंटरनेट अर्काइव्हवर खुल्या आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर क्रांतिकालीन संसदीय कामकाजाचे खंड आणि सुमारे १४,००० चित्रे जालावर आणली, तोही याच जातीचा प्रकल्प आहे. वेगवेगळ्या ग्रंथालयांत पडलेल्या एकाच पुस्तिकेच्या प्रती आता शेजारी ठेवून ताडता येतात. पूर्वीच्या अभ्यासकाला यासाठी समुद्र ओलांडावा लागत असे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत अपेक्षा माफक ठेवावी. १७७७ साली पुण्यात नाना फडणीसांशी बोलणी करायला आलेला फ्रेंच प्रतिनिधी सें-ल्यूबां, किंवा महादजी शिंद्यांच्या फौजेतील सेनानी द ब्वान्य यांच्याविषयीची मूळ हस्तलिखित पत्रे या छापील पुस्तिकांत मिळणार नाहीत. वसाहत खात्याच्या दप्तरासाठी एक्स-आं-प्रोव्हांस येथील फ्रेंच सागरपार अभिलेखागाराकडेच जावे लागते.

मात्र हिंदुस्थानाशी असलेल्या व्यापाराचा वाद पुस्तिकांत भरपूर आहे. १७८५ साली नव्याने स्थापन झालेल्या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता राष्ट्रसभेने एप्रिल १७९० मध्ये काढून घेतला. त्याआधी बंदरांतील व्यापाऱ्यांनी आणि कंपनीच्या भागधारकांनी परस्परांविरुद्ध छापलेली निवेदने पुडुच्चेरीच्या व्यापाराविषयी मोलाची माहिती देतात. १७९३ च्या शरदात कंपनी बंद करण्याच्या हुकूमनाम्यात फेरफार करून पैसे उकळल्याचे प्रकरण निघाले आणि त्यात फाब्र देग्लांतीन अडकला. प्रजासत्ताक दिनदर्शिकेतील महिन्यांना नावे देणारा हाच कवी. क्रांतीचा नेता दांतों याच्याबरोबर त्याला ५ एप्रिल १७९४ रोजी, म्हणजे त्याने स्वतः नाव दिलेल्या जेर्मिनाल महिन्याच्या १६ तारखेला, गिलोटिनवर चढवले गेले. या प्रकरणावरच्या पुस्तिका लावताना तालिकाकाराला तारखा त्याच दिनदर्शिकेतून उलगडाव्या लागतात.

---

शंकेखोर

नावाचा उपयोग निर्णयाचा माग काढण्यासाठी आहे, हा मुद्दा मला पटला. गवंड्याची उपमा मागे घेतो, कारण गवंड्याच्या विटेवर कोणी प्रबंध उभा करत नाही आणि तालिकाकाराच्या तारखेवर करतात. मोबदल्याविषयी तर दुमत नव्हतेच.

एक शेवटची विचारणा. मी हे संग्रह चाळणार आहे. एखाद्या नोंदीत साल किंवा लेखक चुकला आहे असे खात्रीने वाटले, तर वाचकाने काय करावे?

---

ग्रंथपालिका

ज्या ग्रंथालयाची प्रत आहे त्याच्या विशेष संग्रह विभागाला लिहावे. इंटरनेट अर्काइव्हवर प्रत्येक पुस्तिकेला स्वतःचा ओळखसंकेत असतो, तो पत्रात आवर्जून द्यावा. त्यासोबत तुमच्या मते योग्य असलेली माहिती आणि तिचा आधार लिहावा. आधार पुस्तिकेच्या मजकुरातलाच असेल तर पृष्ठांक द्यावा, सूचीतला असेल तर सूचीचे नाव आणि नोंदक्रमांक द्यावा. नुसते ‘हे साल चुकीचे वाटते’ असे लिहिल्यास तपासणाऱ्याला सगळे काम पुन्हा करावे लागते. अशा पत्रांना ग्रंथालये उत्तर देतात, कारण मुळात प्रत्येक पुस्तिकेला द्यायला पुरेसा वेळ नव्हता हे त्यांना सर्वांत चांगले ठाऊक असते. आणि शोध घेताना सातासमुद्रापार यांनी सांगितलेला लांब ‘स’ लक्षात ठेवून शब्द दोन्ही प्रकारे टाकून पाहावा, म्हणजे एकदा खऱ्या वर्णाने आणि एकदा त्याच्या जागी ‘फ’ घालून.

---

सातासमुद्रापार

तसेच जुनी वर्णरचनाही टाकून पाहावी. भूतकाळी क्रियापदांच्या शेवटी आज जेथे ‘ए-आय’ ही स्वराक्षरे येतात, तेथे त्या काळी बहुधा ‘ओ-आय’ छापत. आमच्या टेबलावर नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशा पर्यायांची एक हस्तलिखित यादी भिंतीला लावलेली असे आणि जुने विद्यार्थी जाताना तिच्यात भर घालून जात. कोणाला हवी असल्यास मला आठवते तेवढी यादी सवडीने टंकून या धाग्यावर देईन.

---

दक्षिणवाट

अवश्य द्यावी. पुडुच्चेरीच्या व्यापारावरची निवेदने मी शोधायला घेत आहे आणि ती यादी मला लगेच लागेल.